बोटाखालची ओळ

आमच्या ऑफिसात पन्नाशीचा माणूस एकच. बाकी सगळी पोरंटोरं आणि मी मधल्या वयाची. पोरांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात 'आजोबा' करून टाकलं आणि त्यांनीही ते मुकाट्यानं पत्करलं. एकदा त्यांचा विसरलेला डबा घेऊन त्यांची बायको आली, तेव्हा एका शहाण्यानं तिला "या आजी" म्हटलं. ती दारातच थांबली. "आजोबा ह्यांना म्हणा, ते दिसतातच तसे. मी काकू आहे," असं बजावून डबा टेबलावर ठेवला आणि गेली. तेव्हापासून आमच्याकडे आजोबांची बायको काकू आहे. नात्याचा हा घोळ कुणाला खटकत नाही.

माझं काम चुका काढायचं. बाकीचे मोबाईलची ॲप बनवतात आणि मी ती नको तिथे दाबून, उलटीसुलटी करून, कुठे मोडतात ते बघते. अशा बाईला ऑफिसात फारसं कुणी चहाला बोलावत नाही. आजोबा बोलवायचे. ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. आले की आधी बूट काढून टेबलाखाली सरकवतात, मोज्यांतल्या पायांची बोटं हलवतात, चष्मा पुसतात आणि मग 'चला' असं स्वतःलाच म्हणून काम उघडतात. त्या 'चला'मध्ये इतका थकवा असतो, की सकाळी सकाळी तो ऐकून आपलेच खांदे पडावेत.

त्यांची आधीची कंपनी बुडाली. तिथे त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं होतं. पुढे पुष्कळ उंबरे झिजवल्यावर आमच्या साहेबांनी त्यांना ठेवून घेतलं. साहेबांचं वय आजोबांच्या नोकरीच्या वर्षांएवढं असेल. माणूस वाईट नाही, पण सगळं कालच हवं असतं. "बघू सहा महिने, कसं जमतंय," असं ते आजोबांना म्हणाले होते आणि ते सहा महिने कधी संपले, का संपलेच नाहीत, हे कुणीच बोलत नव्हतं. आजोबा ते विचारायला जात नसत. विचारलं आणि उत्तर मिळालं, तर काय घ्या!

आजोबांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्या फोनचा आवाज कायम पूर्ण वाढवलेला. त्यांचा संसार आम्हा सगळ्यांना पाठ होता. रोज दुपारी जेवण झालं की ते घरी फोन लावायचे. "जेवलीस? औषध घेतलंस? बरी आहेस ना? ठेवतो." हे सगळं एका दमात. पलीकडून काकूंचं "हं" यायचं, कधी कधी तेही अर्धंच, कारण तोवर फोन ठेवलेला असायचा. मी एकदा म्हटलं, "आजोबा, काकूंना उत्तर तरी देऊ द्या." ते हसले. "अगं, उत्तर मला माहीत असतं. ती बरीच असते."

ती बरी नव्हती. काकूंच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा एका इस्पितळाच्या तळघरात जायचं, खुर्चीत पडायचं, डाव्या हाताच्या फुगवलेल्या शिरेत दोन जाड सुया घ्यायच्या आणि रक्त मशीनमधून धुऊन परत अंगात येईपर्यंत छताकडे बघत राहायचं. पाणीसुद्धा बेतानं प्यायचं. तहान लागली की काकू बर्फाचा खडा तोंडात धरत. शनिवार ते मंगळवार हा आठवड्यातला मोठा खाडा. सोमवारी पाय सुजत, चपलेचा पट्टा पावलात रुतलेला दिसे आणि आडवं पडलं की धाप लागे.

तळघरातल्या त्याच डायलिसिस केंद्राचं काम आमच्याकडे आलं. आजच्या दिवसाचे रुग्ण क्रमानं एका यादीत दिसायचे. वरच्याला आत घेऊन खुर्चीत बसवलं की त्याचं नाव यादीतून जायचं आणि खालचे सगळे एकेक ओळ वर सरकायचे. ती यादी सिस्टरांच्या फोनवरही आणि रुग्णांच्या फोनवरही. कुणी आलाच नाही, तर सिस्टरांनी त्याच्या नावावर बोट दाबून धरायचं. मग नावापुढे 'गैरहजर' लागायचं आणि प्रतीक्षेतल्या पुढच्या माणसाला आपोआप निरोप जायचा, की खुर्ची मोकळी आहे, या. बोट दाबून धरायची अट आजोबांनीच घातली होती. नुसतं चुकून बोट लागलं, म्हणून कुणाची पाळी जाऊ नये.

हे काम त्यांनी मागून घेतलं. घरी सांगितलंही असणार, कारण काकू केंद्रात सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. "आमचे हे करतायत." शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला आपल्या फोनवर यादी काढून दाखवत. नवऱ्याचं असं कौतुक करायला त्यांना बऱ्याच वर्षांनी काही मिळालं होतं.

साहेबांनी पहिली यादी बघितली आणि म्हणाले, "मेल्यासारखी वाटते. हलली पाहिजे. सारखी ताजी होत राहिली पाहिजे." झालं. आजोबांनी यादी दर थोड्या वेळानं नव्यानं भरायला लावली. आता ती हलायला लागली, पण अशी, की तुम्ही खालचं नाव वाचत असताना सगळी यादी उडी मारून भलतीकडे जायची. मी तक्रार लिहिली, यादी उडी मारते. साहेबांनी तिच्यापुढे 'किरकोळ' असा शेरा मारला. मी परत लिहिली. परत किरकोळ. माझा पारा चढला आणि मी थेट आजोबांना म्हटलं, "हे बघा, माणसं बोट ठेवतायत आणि ओळ पळतेय. हे किरकोळ नाही."

"करतो काहीतरी," ते म्हणाले. त्या आठवड्यात काकूंच्या हाताची शीर दुखत होती, घरी स्वयंपाकही हेच करत होते आणि साहेब रोज सकाळी 'कधी देताय' म्हणून टेबलाशी उभे राहत. त्यांच्या नाकी नऊ आले होते. त्यांनी काहीतरी केलं. बोट पडद्यावर असेपर्यंत यादी जागची हलायची नाही, बोट उचललं की मग हलायची. उडी थांबली. साहेबांनी ती बघून स्वतःच्या हातानं माझी तक्रार बंद केली आणि त्याच दिवशी ॲप केंद्राकडे गेलं. आजोबांनी मला चहा पाजला. मीही तो प्यायले. गोष्ट मिटली, असं दोघांनाही वाटत होतं.

पुढच्या शनिवारी काय झालं, ते मला नंतर काकूंकडून कळलं. त्या नेहमीप्रमाणे वेळेआधी जाऊन, फोन पिशवीत टाकून बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या वरच्या ओळीतले गृहस्थ परगावी गेले होते. तिथल्या मोठ्या सिस्टरांनी दोनदा हाक मारली, कुणी ओ देईना, म्हणून त्यांच्या नावावर बोट दाबून धरलं आणि आत मशीन कोकलायला लागलं, म्हणून फोन खिशात टाकून त्या पळाल्या. परत येऊन बघतात, तर त्या गृहस्थांचं नाव तसंच. आपलं बोट नीट लागलं नसेल, असं समजून त्यांनी खालच्या ओळीकडे न बघताच पुन्हा दाबलं. प्रतीक्षेतली दोन माणसं आली आणि दोन खुर्च्यांवर बसली. काकूंची पाळी मात्र येईना. शेवटी त्या दाराशी गेल्या. सिस्टरांनी फोन काढला. काकूंच्या नावापुढे 'गैरहजर'.

"तुम्ही तर इथेच होता ना?" सिस्टर म्हणाल्या. "काकू, तुमच्या ह्यांचं ॲप काही घोळ तर घालत नाही ना?"

आणि काकू म्हणाल्या, "छे हो. मीच जरा बाहेर गेले होते. उशीर झाला मला."

सिस्टरांनी संध्याकाळपर्यंत खुर्ची मिळते का बघितलं. मिळाली नाही. रविवारी केंद्र बंद. सोमवारी कुणी गळलं तर कळवते म्हणाल्या. पाणी अगदी जपून प्या, दम लागला तर लगेच या, असं तीनदा बजावलं. काकू घरी आल्या. आजोबांनी विचारलं, "झालं?" त्या म्हणाल्या, "झालं." रविवारी त्या उशा रचून बसूनच झोपल्या आणि पाठ दुखते म्हणाल्या. आजोबांनी पाठीला मलम चोळून दिलं.

सोमवारी दुपारी नेहमीचा फोन झाला. "जेवलीस? औषध घेतलंस? बरी आहेस ना? ठेवतो." त्या दिवशी पलीकडून 'हं'सुद्धा आलं नाही. नुसता श्वासाचा आवाज आला, तो मी ऐकला, आजूबाजूच्यांनीही ऐकला. आजोबांनी तोवर फोन ठेवला होता.

थोड्याच वेळात शेजारणीचा फोन आला, काकूंना श्वास घेता येत नाहीये, रिक्षातून इस्पितळात नेतेय. आजोबा उठले आणि मोज्यांवरच जिना उतरायला लागले. मी टेबलाखालचे त्यांचे बूट उचलले आणि त्यांच्यामागे धावले. वाटेत ते एकच वाक्य म्हणत होते, "शनिवारी तर झालं होतं. शनिवारी तर झालं होतं."

काकूंना सरळ तळघरात नेऊन मशीनवर घेतलं होतं. दाराबाहेरच्या बाकावर मी आजोबांना बसवून बूट दिले. त्यांनी एकच घातला आणि दुसरा मांडीवर घेऊन बसले. डॉक्टर येऊन सांगून गेले, की वेळेत आणलं, पाणी निघतंय, धोका टळेल असं वाटतं. मग मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. चाळिशी उलटलेली, खणखणीत आवाजाची बाई.

"शनिवारी वेळेत आल्या असत्या, तर हे झालं नसतं हो," त्या म्हणाल्या.

आजोबांनी मान वर केली. "कोण वेळेत नाही आलं?"

"काकू. उशीर झाला, म्हणून पाळी गेली. तुम्हाला नाही सांगितलं?"

"ती उशिरा?" आजोबा म्हणाले. "सिस्टर, तिला घरातून निघायच्या आधी मी बस बस म्हणत असतो. खुर्ची जाईल, या भीतीनं ती इथे तासभर आधी येऊन बसते. ती उशिरा येणंच शक्य नाही." त्यांचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. मी तो आजवर थकलेला बघितला होता, घाबरलेला कधीच नाही. "सिस्टर, तुम्ही गैरहजर कसं लावता, ते मला करून दाखवता?"

खऱ्या यादीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. माझ्याकडे चाचणीची खोटी यादी असते, तिच्यात मी भाज्यांची नावं भरून ठेवली आहेत. ती मी सिस्टरांच्या फोनवर उघडली आणि माझ्याही. कांदा, बटाटा, गाजर, कोबी. सिस्टर अशाही वेळी गालात हसल्या.

"बटाटा आला नाही असं समजा," आजोबा म्हणाले.

सिस्टरांनी बटाट्यावर बोट दाबून धरलं. आजोबांनी मला खूण केली. मी माझ्या फोनवरून कांद्याला 'आत घेतला' करून टाकलं, जसं आतली दुसरी सिस्टर करेल तसं. सिस्टरांच्या पडद्यावर काही हललं नाही. कांदा तसाच दिसत होता, बटाटा बोटाखाली होता. त्यांनी बोट उचललं. यादी एकदम वर सरकली. बटाटा पहिल्या ओळीत मजेत होता आणि गाजरापुढे 'गैरहजर' लागलं होतं.

"अगं बाई," सिस्टर म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारला. इतकं साधं होतं ते. बोट असेपर्यंत यादी हलवायची नाही, हे आजोबांनी पडद्याला सांगितलं होतं. पण नवी यादी यायची ती येतच होती आणि पडद्यामागे जुनीच्या जागी जाऊन बसत होती. दिसत होती जुनी यादी, धरली जात होती नवी. सिस्टर बटाट्यावर बोट ठेवत होत्या आणि ॲप ऐकत होतं 'दुसरी ओळ', आणि दुसऱ्या ओळीत तोवर गाजर येऊन बसलेलं. पूर्वी यादी उडी मारायची, तेव्हा निदान दिसायचं तरी. आणि बोट जितका वेळ दाबून धरावं, तितकी चुकायची संधी जास्त. कुणाची पाळी चुकून जाऊ नये, म्हणून घातलेली अट!

"मी उडी लपवली," आजोबा म्हणाले. "थांबवली नाही."

सिस्टर काहीतरी रागाचं बोलणार होत्या. त्यांनी आजोबांच्या मांडीवरचा बूट बघितला आणि आत निघून गेल्या. जाताना दारातल्या बाईला म्हणाल्या, "तो फळा काढून पुस. उद्यापासून परत खडूनं नावं लिहायची."

बऱ्याच वेळानं आम्हाला आत सोडलं. काकू खुर्चीत होत्या, नाकात नळी, डावा हात खुर्चीच्या पट्टीवर. ओठांना थोडा रंग आला होता. आजोबा शेजारी स्टूल ओढून बसले.

"तू खोटं का बोललीस?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. "त्या सगळ्यांसमोर विचारत होत्या, ॲप घोळ घालतंय का म्हणून. मी हो म्हटलं असतं, तर तुमच्या साहेबांपर्यंत गेलं असतं. सहा महिन्यांचं तुमचं काय ते अजून ठरलेलं नाही. परत दारोदार फिरायची ताकद आहे का तुमच्यात?"

"आणि तू गेली असतीस तर?"

"तेवढं नाही आलं डोक्यात," काकू म्हणाल्या. "वाटलं, मंगळवारपर्यंत काढेन."

आजोबा रडले. तोंडावर हात न घेता, एखादा माणूस घाम येऊ देतो तसं त्यांनी ते येऊ दिलं. मला दोघांचाही भयंकर राग आला. एकानं विचारायचं आणि ऐकायचं नाही, दुसरीनं ऐकणार नाही म्हणून सांगायचं नाही, आणि जीव जायची वेळ आली तरी दोघं एकमेकांची काळजीच करतायत! मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि उगाचच सगळ्या भाज्या यादीतून काढून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांचा पहिला प्रश्न होता, "हे केंद्रात कुणाकुणाला कळलंय?" आजोबा म्हणाले, "मीच सांगून आलोय. दुरुस्त होईपर्यंत वापरू नका असंही." साहेब लालबुंद झाले. "मला विचारायच्या आधी परस्पर कसं सांगितलंत?" म्हणाले. काम जाईल, म्हणाले. आजोबा उभे राहून ऐकत होते. "साहेब, गेलं तर गेलं. माझी बायको त्या यादीत आहे," एवढंच म्हणाले आणि जागेवर येऊन बूट काढून बसले. मी पुन्हा तक्रार लिहिली. या वेळी तिच्यापुढे कुणी काही शेरा मारला नाही.

दुरुस्ती तशी लहान होती. नवी यादी आली, की ती बाहेर थांबेल, बोट उचललं की पडद्यावरची आणि मागची एकदमच बदलेल, आधी एक आणि मग दुसरी असं नाही. शिवाय ओळ कितवी, हे ॲप आता विचारतच नाही. बोटाखाली माणूस कोण होता, एवढंच लक्षात ठेवतं आणि लावायच्या आधी त्याचं नाव घेऊन विचारतं, 'हे आले नाहीत का?' मी ते दाबून, ओढून, दोन दोन फोन घेऊन मोडायचा जिवापाड प्रयत्न केला. मोडलं नाही. केंद्रानं अजून फळाच ठेवला आहे. मोठ्या सिस्टर म्हणतात, बघू पुढच्या महिन्यात. साहेबही तेच म्हणतात, पण ते आजोबांबद्दल.

काकू आता घरी आहेत. पाळ्या नीट होतायत.

परवा दुपारी जेवण झालं आणि आजोबांनी फोन लावला. आम्ही सगळे आपापल्या कामात, कारण पुढचं पाठच.

"जेवलीस?"

"हं."

"बरी आहेस ना?"

मग ते थांबले. मला वाटलं, लाईन तुटली. पलीकडूनही काही येईना. आजोबा फोन कानाला लावून तसेच बसून राहिले, समोरच्या पडद्याकडे न बघता, टेबलाच्या कडेकडे बघत. एकदोघांनी मान वळवून बघितलं. इतका वेळ तो फोन कधी शांत राहिला नव्हता.

"अहो," काकूंचा आवाज आला. "ठेवला नाहीत का अजून?"

"नाही."

"काही काम होतं?"

"नाही. तुला विचारलं ना, बरी आहेस का."

मग काकू म्हणाल्या आणि ते खोलीभर ऐकू गेलं, "नाही हो. मी बरी नाही. मी फार थकलेय."

आजोबांनी 'ठेवतो' म्हटलं नाही. फोन तसाच कानाशी धरून दुसऱ्या हातानं ते टेबलाखाली बूट चाचपायला लागले. मी वाकून ते त्यांच्या पायाशी सरकवले.

"सांग," ते म्हणाले. "ऐकतोय."